चिंचोळ्या स्टँडीवरच्या मथळ्यांसाठी ठळक कंडेन्स्ड देवनागरी फाँट हवा आहे

नौपाडाकर (ठाणे)

नमस्कार.

ठाण्यातील आमच्या छोट्या वाचनालयातर्फे शहराच्या इतिहासावर एक प्रदर्शन भरवायचे आम्ही काही सभासदांनी मनावर घेतले आहे. अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच अशा १४ स्टँडी (उभे सुटे फलक) होणार आहेत. मजकूर, छायाचित्रे आणि नकाशे जवळजवळ तयार आहेत. घोडे अडले आहे ते मथळ्यांपाशी.

‘शिलाहारांचे श्रीस्थानक’, ‘खाडीकिनाऱ्यावरचे शहर’, ‘१८५३ : ठाण्याची पहिली आगगाडी’ अशा धर्तीचे हे मथळे आहेत. प्रत्येक मथळा एकाच ओळीत यावा आणि शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत चार इंच उंची मिळावी, अशी आमची अपेक्षा आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच समास सोडला तर ओळीला २६ इंच रुंदी उरते, आणि नेहमीच्या ठळक फाँटमध्ये पहिलाच मथळा त्या उंचीला सुमारे ४७ इंच होतो. ओळ दोन भागांत तोडावी, असे एका सभासदाने सुचवले. पण मथळ्याच्या खाली लगेच मोठे छायाचित्र आहे आणि ते खाली सरकवले तर नकाशाची जागा जाते.

इंग्रजी फलकांवर दिसणारी बेबास नॉय या फाँटची उंच, जाड, एकमेकांना खेटून उभी असलेली अक्षरे आमच्या डोळ्यांसमोर होती. म्हणून मी संगणकावर तोच फाँट निवडला आणि मराठी टंकले. अक्षरे उमटली, पण ती भलत्याच बारीक फाँटमधली होती. त्यानंतर ओळखीच्या एका छपाईवाल्याकडचा जुना मराठी फाँट घेऊन तो आडवा ५५ टक्क्यांपर्यंत दाबला आणि प्रत्यक्ष आकाराची प्रत कागदावर काढून वाचनालयाच्या भिंतीवर चिकटवली. ओळ मापात बसली, परंतु वाचवेना. पट्टी लावून मोजले तेव्हा शिरोरेषा २० मिलिमीटर जाड आणि काना ११ मिलिमीटर जाड निघाला. ‘ठाण्याची’ या शब्दातला ठ उभ्या अंड्यासारखा दिसत होता आणि लांबून पाहणाऱ्याला अक्षरांऐवजी वरची काळी आडवी पट्टीच आधी दिसत होती.

जाणकारांनी कृपया सांगावे की देवनागरीत मुळातच अरुंद आणि ठळक काढलेले फाँट कोणते आहेत, ते छपाईसाठी विनामूल्य वापरता येतात का, आणि प्रत्येक मथळ्याखाली इंग्रजी भाषांतराची एक लहान ओळ घ्यायची असेल तर तिचे माप कसे ठरवावे.

खारघरची रेघ (नवी मुंबई)

पट्टी लावून मोजलेत हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. अक्षर आडवे दाबले की त्याच्या उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या रेघा होत्या तेवढ्याच जाड राहतात. २० मिलिमीटरचे ५५ टक्के म्हणजे बरोबर ११. रोमन अक्षरांनाही दाबल्याने इजा होतेच, पण तिथे सलग ओळभर पसरलेली आडवी रेघ नसते. आपल्याकडे शिरोरेषा असते, त्यामुळे एका अक्षरातला दोष पूर्ण ओळीवर ताणला जातो. मी अक्षररचना शिकवते आणि दर वर्षी पहिल्या आठवड्यात निदान चार विद्यार्थी अशीच दाबलेली अक्षरे घेऊन येतात, तेव्हा आपण एकटे नाही.

बेबास नॉयचे आपल्याला जे आकर्षण वाटले त्याच्यामागे मोठी परंपरा आहे. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, यंत्राने कोरण्याची सोय केल्यावर भित्तिपत्रकांसाठी मोठमोठी अक्षरे स्वस्तात मिळू लागली. कागदाची रुंदी ठरलेली आणि शब्द लांब, म्हणून अरुंद व उंच नमुन्यांची मागणी वाढली. १९०३ मध्ये मॉरिस फुलर बेंटन यांनी ‘ऑल्टरनेट गॉथिक’ हा टाइप तीन वेगवेगळ्या रुंदींत काढला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला दाबादाबी न करता शब्दाच्या लांबीनुसार खिळ्यांचा संच निवडता यायचा. १९६५ मधला जेफ्री ली यांचा ‘इम्पॅक्ट’ आणि आताचा ‘ऑस्वाल्ड’ हे त्याच कुळातले आहेत. बेबास नॉयमध्ये तर लहान लिपीची अक्षरे मुळी नाहीतच, सगळी मोठ्या लिपीची, त्यामुळे ओळीचा वरचा आणि खालचा काठ सुरीने कापल्यासारखा सरळ येतो. मात्र यांपैकी एकाही फाँटमध्ये देवनागरी नाही. फाँटमध्ये अक्षर सापडले नाही की संगणक गुपचूप दुसऱ्या फाँटमधून ते उचलतो, आणि विंडोजवर तो बहुधा मंगल किंवा निर्मला असतो. मंगल हा र. कृ. जोशी यांनी केलेला फाँट. ज्या संस्थेत असताना त्यांनी तो केला ती पुढे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत विलीन झाली आणि आज तिचे केंद्र आमच्या खारघर स्थानकासमोर आहे, म्हणून हा उल्लेख केल्यावाचून मला राहवले नाही. तो पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी केलेला फाँट आहे. भित्तिपत्रकाची अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्याय होईल.

आता मूळ अडचणीकडे येते. रोमन मोठ्या लिपीत ओळीची जवळजवळ सगळी उंची अक्षराच्या वाट्याला येते. देवनागरीत ओळीचे तीन मजले असतात. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मधे मूळ अक्षर, खाली उकार आणि ऋकार. आपण चार इंच म्हणता ते फक्त मधल्या मजल्याचे माप आहे. ‘शि’ची वेलांटी आणि ‘रां’वरचा अनुस्वार धरला तर ओळ त्याहून बरीच उंच होते. शिवाय अक्षर अरुंद करायचे आणि जाडही ठेवायचे, या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर उठतात. ‘ण’ घ्या. त्यात तीन उभ्या रेघा आहेत. तिन्हींची जाडी कायम ठेवून रुंदी घटवली तर मधली पांढरी जागा, ज्याला आम्ही अक्षराचे पोट म्हणतो, ती बुजते. पोट राखायचे तर रेघ बारीक करावी लागते. ष, क्ष, भ, ध आणि ‘स्था’सारखी जोडाक्षरे यांची हीच कथा आहे. चांगला रेखाटनकार अशा ठिकाणी सगळी काटछाट सारखी करत नाही. तो काना जाड ठेवतो, शिरोरेषा किंचित पातळ करतो, गाठी लहान करतो, आणि ‘ठ’चे वर्तुळ अंड्यासारखे न चेपता त्याच्या दोन्ही बाजू सरळ भिंतींसारख्या उभ्या करून फक्त वरचा आणि खालचा भाग गोल ठेवतो. कुठलाही अरुंद फाँट पसंत करण्याआधी ‘ठाणे’ हा एक शब्द त्यात टंकून पाहावा. ठ आणि ण शेजारी-शेजारी असल्यामुळे याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही, आणि ती आपल्या घरचीच आहे.

माझी पहिली शिफारस ‘अनेक देवनागरी’ची आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कुटुंबात दहा लिपी आहेत, जाडी १०० ते ८०० (साधे अक्षर ४००, ठळक ७००) आणि रुंदी नेहमीच्या अक्षराच्या ७५ ते १२५ टक्के अशी बदलता येते. रुंदी बदलताना रेघांची जाडी सांभाळली जाते, कारण ती टोके स्वतंत्रपणे रेखाटलेली आहेत. त्याहून अरुंद हवे असेल तर ‘नोटो सान्स देवनागरी’ आहे. त्याची रुंदी ६२.५ पर्यंत खाली येते आणि जाडी ९०० पर्यंत जाते. पण त्याचा पिंड मजकुराचा आहे. एकदम अरुंद आणि एकदम जाड केल्यावर तो मला मथळ्यासारखा न वाटता गर्दीत चेंगरलेल्या माणसासारखा वाटतो. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ हे दोन्ही मथळ्यांसाठीच काढलेले आहेत. खंडमधली पोटे मोकळी आहेत आणि रेघ सगळीकडे सारखी आहे, म्हणून तो लांबून स्वच्छ दिसतो. टेको चौकोनी अंगाचा आहे; त्याचा सर्वांत ठळक नमुना एक-दोन शब्दांपुरताच वापरावा असे करणाऱ्यांनीच सुचवलेले आहे, आणि इतिहासाच्या प्रदर्शनापेक्षा कबड्डीच्या सामन्याच्या फलकावर तो अधिक शोभेल. ‘प्रगती नॅरो’ही अरुंद आहे, परंतु त्यात साधा आणि ठळक असे दोनच नमुने असल्याने चाळवाचाळव करायला वाव राहत नाही. हे सगळे खुल्या परवान्याचे फाँट आहेत. छपाईसाठी, अगदी व्यावसायिक कामासाठीही, ते विनामूल्य वापरता येतात. फक्त नुसता फाँट विकता येत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. ‘शिलाहारांचे’ या शब्दात श आणि ल दोन्ही आहेत. मराठीचा देठाचा श आणि पाकळीचा ल हिंदी छापातल्या रूपांहून वेगळा असतो, आणि नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच रूपे ग्राह्य धरली आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही रूपांना क्रमांक एकच आहे. त्यामुळे फाँटमध्ये मराठी रूपे असली तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी सांगितल्याशिवाय ती सहसा बाहेर येत नाहीत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडून अक्षरांच्या पटलात भाषा मराठी करावी. लिबरऑफिसमध्येही भाषा निवडण्याची सोय आहे. ठाण्याच्या इतिहासाच्या पहिल्याच मथळ्यात हिंदी छापाचा ल गेला तर भेट देणाऱ्यांपैकी कोणीतरी वहीत लिहून जाईलच.

ऐरोलीवासी

कारखान्यांत सुरक्षा-फलक लावण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, त्यावरून एकच प्रश्न विचारतो. चार इंच कशासाठी? आमच्याकडचा ठोकताळा असा आहे की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचे अक्षर पुरते. म्हणजे आपला मथळा ४० फुटांवरून आरामात वाचता येईल. वाचनालयाची खोली किती लांब आहे? ३० फूट असेल तर तीन इंच पुरे, आणि तीन इंचांना आपलीच ४७ इंचांची ओळ ३५ इंचांवर येते. मग २६ इंचांसाठी ५५ टक्के अरुंद अक्षर लागत नाही, ७५ टक्क्यांच्या आसपास भागते. वर सुचवलेल्या ‘अनेक’ची रुंदी ७५ पर्यंतच खाली येते, हा योगायोग सोयीचा आहे.

वागळे छपाई (ठाणे)

ऐरोलीवासी यांचा हिशेब बरोबर आहे. माझे वागळे इस्टेटमध्ये फ्लेक्स आणि व्हिनाइल छपाईचे काम आहे, त्यामुळे मी फाँटच्या सौंदर्यापेक्षा तो यंत्रापर्यंत धडधाकट कसा पोचेल याविषयी लिहितो.

पहिली बाब म्हणजे फाइल. आमच्या धंद्यात अजूनही कित्येक ठिकाणी कोरल किंवा पेजमेकरच्या जुन्या आवृत्त्या आणि युनिकोडपूर्व काळातले फाँट चालतात. आपल्याला ज्यांनी जुना फाँट दिला त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. युनिकोड मराठी त्या आवृत्त्यांत फुटते, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे सुटी होतात, म्हणून ते बिचारे जुन्यालाच धरून आहेत. आपण मथळे नव्या प्रणालीत टंकावेत, अक्षरे कर्व्ह करावीत, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवावेत, आणि पीडीएफ द्यावी, म्हणजे समोरच्याकडे फाँट नसला तरी बिघडत नाही. जाडी-रुंदी सरकवता येणाऱ्या एकाच फाइलीऐवजी त्या फाँटच्या सुट्या स्थिर फाइली वापराव्यात, कारण काही प्रणाली सरकत्या फाइलीतली रुंदी ओळखतच नाहीत आणि आपल्याला मूळ रुंदी छापून मिळते.

कर्व्ह केल्यावर आणखी एक काम उरते, आणि ते विसरल्यामुळे मी स्वतः एकदा पूर्ण पाटी फुकट घालवली आहे. देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, म्हणजे फट दिसू नये. छापताना ते कळत नाही. पण व्हिनाइल कापायला दिले की पाते प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्रपणे कापते आणि शिरोरेषेवर प्रत्येक सांध्यापाशी बारीक उभे काप पडतात. चिकटवताना तिथूनच ती सुटते. म्हणून कापण्याआधी सगळी ओळ कोरलमध्ये वेल्ड करून तिचा एकच आकार करावा. आपण फक्त छापणार असाल तरी वेल्ड करून ठेवण्यात नुकसान नाही.

ओळ बसवण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवू नये आणि घटवूही नये, हे इंग्रजीची सवय असलेल्यांना सांगावे लागते. वाढवले की शिरोरेषा तुटते आणि ओळ दात पडल्यासारखी दिसते. घटवले की काना शेजारच्या अक्षराच्या पोटात शिरतो. कमी करायचेच असेल तर दोन शब्दांमधली जागा थोडी कमी करावी, अरुंद ठळक अक्षरांत ती खपून जाते.

‘खाडीकिनाऱ्यावरचे’ हा शब्द टंकताना विशेष जपा. त्यातला र आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा आला पाहिजे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी काही साधने तिथे सरळ रफार देतात आणि ‘किनार्यावरचे’ असे काहीतरी होऊन बसते. नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त आणि मग य अशा क्रमाने टंकले की पापणीचा र मिळतो. मात्र अतिशय ठळक फाँटमध्ये ही पापणी य ला चिकटून डागासारखी दिसते, म्हणून एकदा मोठी करून पाहावी.

इंग्रजी ओळीबद्दल सांगायचे तर, दुकानांच्या पाट्यांसाठी राज्याच्या कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीपासून मराठी नाव आधी आणि त्याचा टंक इतर लिपीपेक्षा लहान नसावा असे बंधन आहे. आपले प्रदर्शन म्हणजे दुकान नव्हे, पण त्यातून आम्ही जे शिकलो ते उपयोगी पडेल. पाटीवर दोन्ही लिपींना समान पॉइंट दिले की इंग्रजी मोठ्या लिपीची अक्षरे मराठीच्या मधल्या मजल्याहून उंच दिसतात आणि मराठी मागे पडल्यासारखी वाटते. पॉइंटच्या आकड्याकडे न पाहता इंग्रजी अक्षराची उंची पट्टीने मोजून ती मराठीच्या शिरोरेषा ते पाया या उंचीशी ताडून पाहावी. आपली इंग्रजी ओळ दुय्यम आहे, तेव्हा तीन इंचांच्या मराठीखाली एक इंचाचे इंग्रजी पुरेसे होईल. ‘अनेक’मध्ये रोमन अक्षरेही त्याच अंगाची आहेत, त्यामुळे बेबासचा मोह सोडलात तर दोन्ही ओळी एका घरातल्या दिसतील.

जुना पेंटर (कळवा)

वरची चर्चा वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. मी फ्लेक्स येण्यापूर्वी पत्र्यावर आणि भिंतीवर ऑइलपेंटने पाट्या रंगवत असे. अरुंद पाटी आणि लांब नाव हा प्रश्न आमच्यापुढे रोजचाच होता, परंतु आमच्या अक्षराचा काना बारीक आणि शिरोरेषा जाड असे कधी झाले नाही, आणि त्यात आमची काही मोठी हुशारी नव्हती. आम्ही खडूची भुकटी लावलेल्या दोरीने सूत मारून वरची आणि खालची रेघ आखत असू, शब्दातली अक्षरे मोजून खडूने जागा वाटून घेत असू, आणि सबंध ओळ एकाच चपट्या ब्रशने ओढत असू. ब्रशची रुंदी म्हणजेच रेघेची जाडी. अक्षर उंच करा, अरुंद करा, ब्रश तोच असल्यामुळे काना आणि शिरोरेषा एकमेकांना धरून राहत. जागा फारच कमी असली तर आम्ही ब्रश बदलून एक नंबर लहान घेत असू, म्हणजे सगळीच रेघ सारखी बारीक होई. ताईंनी पोटाविषयी जे लिहिले आहे ते आम्हाला ब्रशने शिकवले: पोटात ब्रश मावला नाही की समजायचे, अक्षर फार जाड झाले.

दुसरे असे की फाँटला ओळ पाहता येत नाही. ‘श्रीस्थानक’ या शब्दात श्री भरगच्च आहे आणि न मोकळा आहे. हाताने काढणारा श्रीला दोन बोटे जागा जास्त देतो आणि ती न कडून वसूल करतो. मागच्या अक्षराचा काना थोडा आखूड करून तिथे पुढची वेलांटी झुकवणे, उकार खाली न लोंबवता अक्षराच्या कुशीत घेणे, असल्या खटपटी करूनच आम्ही नाव बसवत असू. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे ज्या प्रकारे रेखाटली ती आठवून पाहा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या तेवढ्याशा चौकटीतही प्रत्येक नाटकाचे नाव स्वतःचा चेहरा घेऊन उभे राहत असे. २०२० मध्ये ते गेले. गडकरी रंगायतनच्या बाहेर आज जे फलक लागतात त्यांतली बरीचशी नावे कुठल्या फाँटमधली आहेत ते मला दुरून सांगता येते, आणि हे काही कौतुकाने म्हणत नाही.

चौदाही मथळे हाताने काढा असा माझा आग्रह नाही. तेवढा वेळ आपल्याजवळ नसेल. पण प्रवेशद्वारावरचे मुख्य नाव तरी हाताने काढून घ्यावे. खालचे मथळे फाँटमध्ये असले तरी चालतील, फक्त मुख्य नावाची रेघ आणि मथळ्यांची रेघ यांच्या जाडीचे उंचीशी प्रमाण सारखे ठेवावे, म्हणजे दोन वेगळ्या माणसांचे काम वाटणार नाही.

खारघरची रेघ (नवी मुंबई)

काका, ब्रशचा मुद्दा मी माझ्या पहिल्या तासाला वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते. एका बाबतीत मात्र थोडा मतभेद आहे. एकाच ब्रशने काढलेल्या फार जाड अक्षरात काना आणि शिरोरेषा मोजमापाने सारख्या असल्या तरी डोळ्याला शिरोरेषाच जड वाटते, कारण ती सलग आहे आणि काने तुटक आहेत. म्हणून ठळक फाँटमध्ये ती मुद्दाम पातळ काढतात. आपणही ब्रश थोडा तिरपा धरून तेच करत असाल, असा माझा अंदाज आहे.

जुना पेंटर (कळवा)

होय. शिरोरेषा ओढताना ब्रश पूर्ण टेकवत नसू. आपण सांगेपर्यंत ते मी शब्दांत मांडले नव्हते.

नौपाडाकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत जे केले ते कळवतो.

प्रथम वाचनालयाची खोली मोजली. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत २८ फूट भरली, तेव्हा ऐरोलीवासी यांचा तीन इंचांचा सल्ला तिथल्या तिथे मान्य झाला. चार इंचांचा आकडा आला कुठून, असे समितीत विचारले असता तो कोणीच ठरवला नव्हता असे निष्पन्न झाले. बहुधा पहिल्या दिवशी हवेत हात करून कोणीतरी दाखवलेली ती उंची होती.

त्यानंतर ‘ठाणे’ हा शब्द खंड, टेको, नोटो आणि अनेक या चारही फाँटमध्ये तीन इंच उंचीला काढून भिंतीवर एकाखाली एक लावला आणि वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना दारातून वाचायला सांगितले. सगळ्यांनी चारही शब्द वाचले, त्यामुळे तो प्रयोग फसला असेच म्हणायला हवे. मग ‘श्रीस्थानक’ लावले. नोटोच्या सर्वांत अरुंद व जाड नमुन्यात ‘स्था’मधला अर्धा स आणि थ दारातून एकमेकांत मिसळत होते, खंड आणि अनेक यांत ते सुटे दिसत होते. खंडचा ठसा मला अधिक आवडला होता हे कबूल करतो, पण त्यात पहिला मथळा २६ इंचांत बसेना.

‘अनेक’मध्ये सर्वांत अरुंद रुंदी आणि ८०० जाडी घेतली तर ‘शिलाहारांचे श्रीस्थानक’ साडेसत्तावीस इंच झाले. जाडी ७०० केल्यावर ओळ आपोआप थोडी आखडली, शब्दांमधली जागा किंचित कमी केली आणि ती २६ इंचांत आली. जाडी उतरवल्याने ‘ण’चे पोटही मोकळे झाले. भाषा मराठी केली, श आणि ल हवे तसे आले. पापणीचा र ७०० जाडीला स्पष्ट दिसतो. ‘१८५३ : ठाण्याची पहिली आगगाडी’ हा मथळा मात्र काही केल्या मावेना, तेव्हा त्यातून ‘ठाण्याची’ हा शब्दच काढला. बोरीबंदरहून सुटलेली ती गाडी ठाण्यालाच आली हे खालच्या मजकुराच्या पहिल्याच वाक्यात आहे, आणि मथळ्यात शब्द कमी करणे हा उपाय आमच्यापैकी कोणाला आधी का सुचला नाही, हे कोडेच आहे.

कर्व्ह आणि वेल्ड करून पीडीएफ दिली आहे. छपाईवाल्यांनी एक नमुना काढून दाखवला. शिरोरेषा १३ मिलिमीटर, काना १५.

काका, आपण मुख्य नावाविषयी जे लिहिलेत ते समितीने उचलून धरले आहे. फलक सहा फूट लांब आणि दीड फूट उंच आहे, नाव ‘तलावांचे ठाणे’. आपण स्वतः ते काढून द्याल का? वाचनालयाला मानधन फारसे देता येणार नाही, हे आधीच सांगतो.

जुना पेंटर (कळवा)

मानधनाचे नंतर पाहू. रविवारी सकाळी नऊ वाजता येतो. फलकाला आदल्या दिवशी पांढऱ्या रंगाचा एक हात देऊन ठेवावा आणि तो उभा न ठेवता आडवा वाळवावा. ‘तलावांचे’मधला ल मी पाकळीचाच काढणार आहे. ‘ठाणे’तला ठ गोल ठेवायचा की सरळ भिंतींचा, हे फलक समोर आल्यावर ठरवू, दीड फूट उंची असेल तर त्याला चेपायची गरज पडू नये.